जर्मनीतले ज्यू वेळीच निघून का गेले नाहीत?

ज्यूंच्या संहाराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आला. ठरवून केलेल्या सामूहिक कत्तली सुरू झाल्या १९४१ च्या उन्हाळ्यात. मधे आठ वर्षं होती. एवढ्या काळात ही माणसं बोऱ्याबिस्तरा गुंडाळून निघून का गेली नाहीत?

विचारणारा प्रामाणिकपणे विचारत असतो. पण जायचं ठरवलं की जाता येतं, असं त्याने धरून चाललेलं असतं. निर्वासितांच्या बोटी अडवल्याच्या किंवा आश्रयाचे अर्ज फेटाळल्याच्या बातम्या आज वाचताना आपणही नकळत हेच धरून चालतो. खरं तर देश सोडायला दोन सरकारांची परवानगी लागते. एकाने बाहेर जाऊ द्यायचं आणि दुसऱ्याने आत घ्यायचं. जर्मनीतल्या ज्यूंची कोंडी या दोघांच्या मधे झाली, आणि ती कागदांनी केली. ज्यांनी त्यांना सोडवलं त्यांनीही बऱ्याचदा कागदाचाच वापर केला. म्हणून हे कागद कोणते होते, ते कुठे अडत होते आणि कुणी ते कसे मोकळे केले, हे तपशिलात पाहायला हवं.

## आधी आकडे नीट समजून घेऊ

१९३३ मध्ये जर्मनीत सुमारे ५ लाख २३ हजार ज्यू होते. देशाची लोकसंख्या होती पावणेसात कोटींच्या आसपास, म्हणजे ज्यूंचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होईपर्यंत त्यांतले साधारण २ लाख ८२ हजार देश सोडून गेले होते. १९३८ मध्ये जर्मनीने गिळलेल्या ऑस्ट्रियातून आणखी १ लाख १७ हजार गेले. थोडक्यात, निम्म्याहून अधिक जर्मन ज्यू निघून गेलेच होते. प्रश्न उरतो तो राहिलेल्यांचा, आणि जे पळून फक्त हॉलंड, बेल्जियम किंवा फ्रान्सपर्यंतच पोहोचू शकले त्यांचा. १९४० मध्ये जर्मन सैन्य त्यांच्यामागोमाग तिथेही आलं.

संहारात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. त्यांतले बहुसंख्य जर्मन नव्हते. एकट्या पोलंडमधले सुमारे ३० लाख होते. जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसल्यावर विचार करायला आठ वर्षं तर सोडाच, आठ दिवसही नीट मिळाले नाहीत. त्यामुळे "वेळीच का गेले नाहीत" हा प्रश्न मुळात जर्मनी आणि ऑस्ट्रियापुरताच विचारता येतो.

## "पण धोका दिसत नव्हता का?"

काहींना लगेच दिसला. पहिल्याच वर्षी सुमारे ३७ हजार लोक गेले. बाकीच्यांसमोर चित्र एकदम उघडं पडलं नाही, कारण छळ हप्त्याहप्त्याने आला. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला, तो एक दिवसाचा होता. आठवड्याभरात सरकारी नोकऱ्यांतून ज्यूंना काढण्याचा कायदा झाला, पण त्यात पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती. त्या युद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीच्या सैन्यात होते आणि १२ हजार कामी आले होते. छातीवर पदक असलेल्या माणसाला "हे आपल्यासाठी नाही" असं वाटणं समजण्यासारखं आहे. ही सूटही १९३५ मध्ये गेली.

सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं आणि ज्यू-बिगरज्यू लग्नांवर बंदी घातली. चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असतील तर माणूस ज्यू, मग तो स्वतः चर्चमध्ये जात असला तरी. आता नियम ठरले, आणखी वाईट काय होणार, असंही अनेकांना तेव्हा वाटलं.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीने हा भ्रम संपवला. देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळले गेले, हजारो दुकानं फोडली गेली आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना डाखाउ, बुखेनवाल्ड आणि झाक्सनहाउझेनच्या छळछावण्यांत टाकलं गेलं. देश सोडून जाण्याचा पुरावा दाखवला की सुटका, असा प्रकार होता. नवऱ्याला सोडवण्यासाठी बायका एका वकिलातीतून दुसऱ्या वकिलातीत धावत होत्या. त्या दिवसानंतर जायची इच्छा नव्हती असं जवळपास कुणाबद्दलच म्हणता येणार नाही.

## बाहेर पडण्याची किंमत

नाझी सरकारला ज्यू जायला हवे होते, पण त्यांचा पैसा इथेच राहायला हवा होता. यासाठी त्यांनी एक जुनं हत्यार वापरलं. १९३१ मध्ये, म्हणजे हिटलरच्या आधीच्या सरकारने, मंदीत श्रीमंतांनी भांडवल परदेशी नेऊ नये म्हणून देशत्याग कर आणला होता. २ लाख मार्कांहून अधिक मालमत्ता असेल तर तिच्या २५ टक्के. नाझींनी १९३४ मध्ये ही मर्यादा ५० हजारांवर आणली आणि मध्यमवर्गीय डॉक्टर-दुकानदारही त्यात सापडले.

कर भरून उरलेला पैसाही सोबत नेता येत नसे. तो अडकवलेल्या खात्यात जाई, आणि परकीय चलन हवं असेल तर सरकार ठरवेल त्या दराने मिळे. हा दर वर्षागणिक घसरत गेला. जून १९३८ मध्ये शंभरातले ९० बुडत, सप्टेंबर १९३९ मध्ये ९६.

ढोबळ हिशोब करून पाहू. घर, दुकान आणि ठेवी मिळून एका कुटुंबाकडे १ लाख मार्क आहेत. देशत्याग कर गेला २५ हजार. नोव्हेंबरच्या दंगलीनंतर नुकसान झालं ज्यूंचं आणि १ अब्ज मार्कांचा दंडही ज्यूंनाच झाला. तो प्रत्येकाच्या मालमत्तेतून वसूल केला, आधी २० टक्के, मग आणखी ५. म्हणजे अजून २५ हजार गेले. राहिलेले ५० हजार अडकवलेल्या खात्यात. ते बदलून हाती परकीय चलन येणार साधारण २ हजारांच्या किमतीचं. शिवाय घर आणि दुकान विकताना खरेदीदाराला विकणाऱ्याची गरज ठाऊक असल्यामुळे भाव आधीच पडलेला. सीमा ओलांडताना खिशात रोख न्यायची परवानगी फक्त १० मार्कांची. फेब्रुवारी १९३९ पासून सोनं-चांदीही जमा करावी लागे. लग्नाची अंगठी, एखादं घड्याळ आणि जेवणाचे थोडे चमचे-काटे तेवढे ठेवता येत.

या लुटीचा परिणाम सीमेपलीकडे दिसत होता. दुसरा देश विचारणार, "इथे येऊन पोट कसं भराल?" आणि उत्तर देण्यासाठी लागणारा पैसा जर्मनीने आधीच काढून घेतलेला. छळणारं सरकार माणसाला कफल्लक करून हाकलत होतं आणि बाकीची सरकारं तो कफल्लक आहे म्हणून घेत नव्हती.

## आत घ्यायचं कुणी?

सर्वांत मोठी आशा अमेरिकेची होती. तिथे १९२४ च्या कायद्याने देशवार कोटा होता, म्हणजे दरवर्षी कुठल्या देशात जन्मलेल्या किती जणांना कायमचं राहायला येऊ द्यायचं याची ठरलेली मर्यादा. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून २७,३७०. पोलंडला ६,५२४. रुमानियाला फक्त ३७७. निर्वासित असा वेगळा वर्गच कायद्यात नव्हता. कोटा जन्मस्थानावर ठरे, त्यामुळे आयुष्य बर्लिनमध्ये काढलेला पण पोलंडमध्ये जन्मलेला माणूस पोलंडच्या रांगेत उभा राही.

१९३९ च्या मध्यापर्यंत जर्मन कोट्याच्या यादीत ३ लाखांहून अधिक नावं होती. २७,३७० ने भागून पाहा. शेवटच्या माणसाचा नंबर यायला अकरा वर्षं लागली असती.

नंबर लागला तरी काम भागत नसे. अर्जाच्या पाच प्रती. जन्मदाखल्याच्या दोन. ज्या पोलिसांच्या धाकाने पळायचं, त्याच जर्मन पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला. अमेरिकेत दोन हमीदार, शक्यतो जवळचे नातेवाईक. त्यांचं हमीपत्र सहा प्रतींत, सोबत आयकराच्या विवरणपत्राची प्रमाणित प्रत आणि बँकेचं पत्र. वकिलातीत वैद्यकीय तपासणी. युद्ध सुरू झाल्यावर यात बोटीच्या तिकिटाचा आणि जर्मनी सोडण्याच्या परवानगीचा पुरावाही आला.

एका दाखल्यासाठी दुसरा दाखला आणि दुसरा येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली, हा प्रकार तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही नवा नाही. इथे मात्र प्रत्येक कागदाची खिडकी वेगळ्या देशात होती. व्हिसा चार महिने चाले. तेवढ्यात बोटीचं तिकीट मिळायला हवं. बोट लिस्बनहून सुटत असेल तर पोर्तुगालचा आणि स्पेनचा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे फक्त वाटेवरून जाऊ देण्याची परवानगी, हवा. तो मिळतो मुक्कामाच्या देशाचा व्हिसा असेल तरच. यातली एक गोष्ट लांबली की दुसरी बाद होई आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

बाकीची दारंही अशीच होती. पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि मे १९३९ मध्ये त्यांनी तिथे पुढच्या पाच वर्षांत ७५ हजारांहून अधिक ज्यू येऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं. ब्रिटनने स्वतः डिसेंबर १९३८ पासून सुमारे १० हजार मुलं घेतली, वय १७ च्या आत. मुलांची सोय खाजगी संस्थांनी आणि कुटुंबांनी करायची, पुढे प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमीही लागू लागली, आणि आईवडिलांनी यायचं नाही. त्यांतल्या कितीतरी मुलांना आईवडील परत दिसले नाहीत.

स्वित्झर्लंडची भूमिका मला सगळ्यांत जास्त खटकते. ऑस्ट्रिया गिळल्यावर तिकडून येणारे ज्यू ओळखायचे कसे, याची चिंता स्विस अधिकाऱ्यांना पडली होती. सगळ्याच जर्मनांना व्हिसा सक्तीचा करू, असं त्यांनी म्हटलं. जर्मनांनी वाटाघाटीत वेगळा मार्ग काढला: ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल रंगात 'जे' हे अक्षर छापलं जाऊ लागलं. स्वीडननेही अशाच खुणेसाठी दबाव आणला होता. सीमेवरच्या शिपायाला आता पासपोर्ट उघडताक्षणी कळे की याला परत पाठवायचं आहे.

## एव्हियन: ३२ देश, एका देशाचा होकार

जुलै १९३८ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने फ्रान्समधल्या एव्हियन गावी ३२ देशांची परिषद भरली. निमंत्रणातच लिहिलेलं होतं की कुठल्याही देशाने सध्याच्या कायद्यापेक्षा जास्त माणसं घ्यावीत अशी अपेक्षा नाही. पॅलेस्टाइनचा विषय काढायचा नाही ही ब्रिटनची अट. उरलं काय? एकामागून एक प्रतिनिधी उठला, सहानुभूती व्यक्त केली आणि आपल्याकडे जागा का नाही ते सांगून बसला. ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणाला की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करायची आमची इच्छा नाही. मोठ्या संख्येने घ्यायची तयारी दाखवली एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने, एक लाखांपर्यंत. प्रत्यक्षात तिथल्या सोसुआ वसाहतीत काही शेच पोहोचले. त्या देशाचा हुकूमशहा त्रुहियो याने आदल्याच वर्षी हजारो हैतियन लोकांची कत्तल करवली होती आणि त्याला जगात आपलं नाव सुधारायचं होतं, हेही सांगायला हवं.

परिषद संपल्यावर नाझी वर्तमानपत्रांनी आनंद व्यक्त केला: बघा, ज्यू कुणालाच नको आहेत.

## एका बोटीचा हिशोब

१३ मे १९३९ ला हॅम्बुर्गहून 'सेंट लुई' ही बोट ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाकडे निघाली. जवळजवळ सगळे ज्यू. त्यांतल्या ७४३ जणांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी आधीच अर्ज केले होते. नंबर लागेपर्यंत क्यूबात थांबायचं, एवढाच बेत. बहुतेकांकडे क्यूबाच्या आप्रवास खात्याच्या प्रमुखाने पैसे घेऊन विकलेले उतरण्याचे परवाने होते. बोट सुटायच्या आठवडाभर आधी क्यूबाच्या राष्ट्राध्यक्षांनी असे परवाने रद्द केले. प्रवाशांना त्याची कल्पना नव्हती.

हवानात २८ जणांना उतरू दिलं. आणखी एकाने आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून त्याला इस्पितळात नेलं. एक जण वाटेतच वारला होता. बाकी ९०७. बोट फ्लोरिडाच्या इतक्या जवळून गेली की मायामीचे दिवे दिसत होते. प्रवाशांनी अध्यक्ष रुझवेल्ट यांना तार केली, तिचं उत्तर आलं नाही. परराष्ट्र खात्याने कळवलं की यादीत तुमचा नंबर येईपर्यंत थांबा.

कॅप्टन गुस्ताव श्रोडर स्वतः जर्मन, ज्यू नव्हे. त्याने परतीचा प्रवास मुद्दाम रेंगाळत केला, ज्यू मदत संस्थांना बोलणी करायला वेळ मिळावा म्हणून. शेवटी चार देशांनी माणसं वाटून घेतली: ब्रिटन २८८, फ्रान्स २२४, बेल्जियम २१४, हॉलंड १८१. ब्रिटनला गेलेले जवळजवळ सगळे वाचले. इतर तीन देशांत गेलेल्या ६१९ जणांपैकी २५४ संहारात मेले. १७ जून १९३९ ला अँटवर्पच्या धक्क्यावर उतरताना हे सगळे आपण वाचलो असंच समजत होते.

## "मंदी होती, बेकारी होती. देशांचा तरी काय दोष?"

मंदी खरी होती. अमेरिकेत १९३८ मध्येही लाखो लोक बेकार होते आणि लोकमत निर्वासितांच्या विरोधात होतं. पण एक गोष्ट या युक्तिवादात बसत नाही. नाझी राजवटीची बहुतेक वर्षं अमेरिकेचा तो तुटपुंजा जर्मन कोटाही पूर्ण भरला गेला नाही. भरला तो १९३९ मध्ये. कायद्याने परवानगी दिलेल्या जागाही अधिकाऱ्यांनी "हा माणूस सरकारवर ओझं होईल" या शेऱ्याने रिकाम्या ठेवल्या. १९३९ मध्ये कोट्याबाहेर २० हजार मुलं घेण्याचं विधेयक आलं, ते मतदानापर्यंतही पोहोचलं नाही. जून १९४० मध्ये परराष्ट्र खात्यातले ब्रेकिनरिज लाँग यांनी अंतर्गत टिपणात लिहिलं की वकिलातींना नुसतं सांगा, प्रत्येक वाटेत अडथळे घाला आणि व्हिसा पुढे ढकलत राहा. कायदा बदलायची गरजच नव्हती.

जर्मन हेरांची भीती हे आणखी एक कारण दिलं गेलं. जून १९४१ पासून ज्याचे जवळचे नातेवाईक जर्मन ताब्यातल्या प्रदेशात आहेत त्याला व्हिसा नाकारायचा असा नियम आला. निर्वासित ज्यूंपैकी असे नातेवाईक नसलेला कोण असणार? ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनीनेच ज्यूंच्या बाहेर जाण्यावर बंदी घातली आणि हा सगळा प्रश्न निकाली निघाला.

## शिक्का ज्यांच्या हातात होता

या यंत्रणेत जागोजागी खालच्या स्तरावरचे अधिकारी बसलेले होते, आणि त्यांतल्या काहींच्या लक्षात आलं की नियमांच्या भाषेतच फटी आहेत.

व्हिएन्नातले चीनचे कॉन्सुल जनरल, म्हणजे तिथल्या चिनी वकिलातीचे प्रमुख, हो फेंग-शान यांचं उदाहरण घ्या. शांघाय बंदरावर तेव्हा पासपोर्ट तपासणारं कुणी नव्हतं, तिथे उतरायला व्हिसा लागतच नसे. मग त्यांच्या व्हिसाचा उपयोग काय? ऑस्ट्रियातून बाहेर पडायला आणि छावणीतून सुटायला "मी कुठेतरी जातोय" हा पुरावा लागे. तो पुरावा हा व्हिसा देई. बर्लिनमधल्या आपल्या राजदूताचा विरोध असूनही ते तो मोकळ्या हाताने देत राहिले. शांघायला एकूण १७ ते २० हजार ज्यू पोहोचले.

लिथुआनियातल्या काउनास शहराची हकिकत तर कागदाची ताकद दाखवणारी आहे. १९३९ मध्ये पोलंडमधून पळालेले हजारो ज्यू तिथे अडकले होते. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्य आलं आणि वकिलाती बंद करायचे हुकूम सुटले. बाहेर जायची एकच वाट उरली: रेल्वेने सैबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोक, तिथून बोटीने जपान. त्यासाठी जपानचा ट्रान्झिट व्हिसा हवा. आणि ट्रान्झिट व्हिसासाठी जपानच्या पुढचा मुक्काम हवा.

यान झ्वार्टेंडाइक हा फिलिप्स कंपनीचा तिथला प्रतिनिधी. नुकतीच त्याच्याकडे हॉलंडच्या कॉन्सुलची मानद जबाबदारी आली होती. कॅरिबियन समुद्रातलं क्युरासाओ बेट डच होतं. तिथे जायला व्हिसा लागत नाही, पण उतरायचं की नाही हे गव्हर्नर ठरवतो, असा खरा नियम होता. रिगामधल्या डच राजदूताच्या संमतीने नियमाचा पहिलाच अर्धा भाग पासपोर्टवर लिहायचा असं ठरलं. २४ जुलै ते ३ ऑगस्टच्या दरम्यान झ्वार्टेंडाइकने अशा दोन हजारांवर नोंदी केल्या. क्युरासाओला त्यांतलं कुणी जाणार नव्हतं. पण कागदावर आता मुक्काम होता.

तो कागद घेऊन माणसं जपानचे उपकॉन्सुल चिउने सुगिहारा यांच्या दारात उभी राहिली. त्यांनी टोकियोला तीनदा विचारलं. उत्तर आलं: पुढचा व्हिसा आणि पुरेसा पैसा असल्याशिवाय नाही. सुगिहारांनी तरीही व्हिसा लिहायला घेतले, जपानी लिपीत, हाताने, दिवसाला अठरा-अठरा तास. त्यांच्या यादीत २,१०० हून अधिक नावं आहेत, आणि एका व्हिसावर अनेकदा अख्खं कुटुंब जाई. पुढेही अडचण होतीच. सोव्हिएत पर्यटन खातं रेल्वेचं तिकीट अमेरिकन डॉलरमध्येच देई आणि डॉलर जवळ बाळगणं हा सोव्हिएत कायद्याने गुन्हा. मदत संस्थांनी पैसा पुरवला म्हणून अनेकांना जाता आलं. मागे राहिलेल्यांवर जून १९४१ मध्ये जर्मन चालून आले. लिथुआनियातले सुमारे ९० टक्के ज्यू मारले गेले.

बोर्दोमधले पोर्तुगालचे कॉन्सुल अरिस्तिदेस द सोझा मेंडेस यांनी जून १९४० मध्ये, सरकारची मनाई मोडून, फ्रान्समधून पळणाऱ्यांना व्हिसा दिले. स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेनमधले पोलीसप्रमुख पाउल ग्रुनिंगर यांनी सीमा बंद झाल्यानंतर आलेल्या शेकडो ज्यूंच्या कागदांवर आधीची तारीख टाकली, म्हणजे ते कायद्याने आलेले ठरावेत. १९४४ मध्ये बुडापेस्टमध्ये स्विस उपकॉन्सुल कार्ल लुट्झ यांना ८ हजार संरक्षणपत्रांची परवानगी मिळाली. त्यांनी ती माणसांची नव्हे, कुटुंबांची संख्या मानली आणि १ ते ८,००० हेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. त्याच शहरात स्वीडनचे राउल वालेनबर्ग यांनी निळ्या-पिवळ्या रंगांची, तीन मुकुटांची मोहोर असलेली संरक्षणपत्रं वाटली. त्यांना कायदेशीर आधार जवळपास नव्हता. पण ती अधिकृत दिसत, आणि समोरच्या शिपायाला तेवढं पुरे.

## "नियम मोडणाऱ्यांना नंतर तरी मान मिळाला ना?"

बहुतेकांना फार उशिरा. ग्रुनिंगर यांची १९३९ मध्ये नोकरी गेली, त्यांना शिक्षा झाली, निवृत्तिवेतन गेलं. ते १९७२ मध्ये वारले आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं १९९५ मध्ये. सोझा मेंडेस यांची कारकीर्द संपवली गेली. ते १९५४ मध्ये गरिबीत वारले. सुगिहारांना १९४७ मध्ये परराष्ट्र सेवा सोडावी लागली. वालेनबर्ग यांना जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने नेलं, ते परत आले नाहीत. या माणसांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते: त्यांना शिक्षा करणारी सरकारं नाझींची नव्हती.

## डेन्मार्कला जमलं, मग इतरांना का नाही?

ऑक्टोबर १९४३ मध्ये डॅनिश लोकांनी ७,२०० ज्यू आणि त्यांचे सुमारे ७०० बिगरज्यू नातेवाईक मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचवले. धरपकडीची खबर फोडली जर्मन वकिलातीतल्याच गेओर्ग डुकविट्झ यांनी. शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी, पाद्र्यांनी माणसं लपवली. काही कोळ्यांनी भरपूर पैसेही घेतले. सापडलेले सुमारे ४७० ज्यू तेरेझिनच्या छावणीत गेले, पण डॅनिश सरकार त्यांची विचारपूस करत राहिलं आणि त्यांतले बहुतेक जिवंत परतले.

लोक धाडसी होतेच. पण ज्यूंची संख्या लहान होती, मधली सामुद्रधुनी एका ठिकाणी जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं, स्वीडनने सगळ्यांना घेऊ असं जाहीर केलं. पाच वर्षांपूर्वी पासपोर्टवर खूण मागणारा हाच तो स्वीडन. धोरण बदलल्याबरोबर आठ हजार माणसं दोन-तीन आठवड्यांत वाचली. डेन्मार्कनेही १९३० च्या दशकात जर्मनीतून आलेल्या ज्यूंना सहजासहजी थारा दिला नव्हता. देशाला चांगला किंवा वाईट असं एकच लेबल लावता येत नाही, ते यामुळे. बल्गेरियाचंही तसंच. खासदार दिमितर पेशेव आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या विरोधामुळे तिथले सुमारे ४८ हजार ज्यू वाचले. पण बल्गेरियाने ताब्यात घेतलेल्या थ्रेस आणि मॅसिडोनियातले ११ हजारांहून अधिक ज्यू त्याच सरकारने जर्मनांच्या हवाली केले.

## मुंबईपर्यंत कोण पोहोचलं?

थोडे लोक पोहोचले. ज्यूंच्या मुंबईतल्या वस्तीला शतकं झाली होती. कोकणातले शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली ज्यू म्हणून कधी छळले गेले नाहीत. १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. निर्वासित सरकारवर भार होणार नाहीत अशी हमी ती देई, कारण ब्रिटिश हिंदुस्थानलाही तीच चिंता होती. आलेल्यांत आकाशवाणीची ओळखधून रचणारे वॉल्टर कॉफमन होते, पुढे रझा, आरा, हुसेन यांच्या पिढीची चित्रं आवर्जून विकत घेणारे एमान्युएल श्लेझिंगर होते. युद्ध सुरू होताच हिटलरपासून पळालेल्या या माणसांपैकी अनेकांना इंग्रजांनी जर्मन नागरिक म्हणून शत्रू ठरवलं. अहमदनगर, देवळाली, पुरंदर इथल्या छावण्यांत नाझी समर्थक जर्मनांसोबत ज्यू निर्वासितही अडकले. चौकशीनंतर ते टप्प्याटप्प्याने सुटले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीशी याची गल्लत केली जाते. तिथले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित बहुतेक ख्रिस्ती होते, आणि ते सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते.

## मग आज काय वेगळं आहे?

१९५१ चा निर्वासित करार बराचसा या अनुभवातून आला. त्याची दोन कलमं थेट या लेखातल्या घटनांना उत्तर देतात. कलम ३१ म्हणतं की जीव वाचवायला थेट पळून आलेल्या माणसाला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, म्हणजे ग्रुनिंगर यांनी ज्यांच्या तारखा बदलल्या ते लोक. कलम ३३ म्हणतं की जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात आहे तिथे कुणाला परत ढकलू नये, म्हणजे 'सेंट लुई'चे प्रवासी. भारताने या करारावर सही केलेली नाही. इथे येणाऱ्यांचा निर्णय त्या त्या वेळचं सरकार करतं.

ज्यांनी सही केली आहे, तिथेही एक फट उघडीच आहे. हे संरक्षण मुख्यतः सीमेवर पोहोचलेल्याला मिळतं. तिथपर्यंत येण्यासाठी व्हिसा द्यायचं बंधन करारात कुणावरच नाही. आणि व्हिसा नसलेला प्रवासी आणल्याबद्दल अनेक देश विमान कंपनीला दंड करतात. त्यामुळे ज्याच्या हाती योग्य शिक्का नाही, त्याला आज विमानतळावरचा कंपनीचा कर्मचारीच थांबवतो. आश्रयाचा अर्ज ज्या अधिकाऱ्यापुढे करायचा, तो त्या माणसाला कधी भेटतच नाही.